काळ्या रंगाखालचा पिवळा पट्टा

आर्वो निएमी भित्रा आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि त्याच्या तळघरात लष्करी बनावटीच्या तेवीस रायफली आहेत हेही. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला कशा आल्या, यावर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराकाठच्या त्या टीचभर गावात वर्षानुवर्षं चेष्टा चालायची. "आर्वोकडे चोर शिरला ना, तर हा रायफल नाही काढणार. त्याला कॉफी विचारेल, शिवाय लवकर जा म्हणून पावाचा तुकडा बांधून देईल," असं हर्शल ट्रेंबाथ चारचौघांत सांगायचा, आणि आर्वो मान खाली घालून हसायचा. खोटं काहीच नव्हतं त्यात. घरात वटवाघूळ आलं की तो बाहेर गाडीत जाऊन बसायचा. थंडीत बाकीचे लोक गोठलेल्या तळ्याच्या मधोमध भोकं पाडून मासे धरत, हा काठापासून वीस पावलांवर. तिथे मासा कधी लागला नाही, पण बर्फही कधी तडकला नाही.

एकतीस वर्षं त्याने कागदाच्या गिरणीत यंत्रदुरुस्तीचं काम केलं होतं. झाकण लावलेलं, घरघरणारं यंत्र बघितलं की तो लांबूनच वळसा घालून जायचा. तेच यंत्र बंद करून उघडलं, त्याचे दाते, स्प्रिंगा, पट्टे फडक्यावर मांडले, की भीती पार निघून जायची. रायफलींचंही तसंच झालं. त्याचा बाप दुसऱ्या महायुद्धात पायदळात होता. परत आल्यावर त्याने रायफलीचं नाव काढलं नाही, आणि पोरांना खेळण्यातली बंदूकसुद्धा घेऊ दिली नाही. बाप गेल्यावर, चाळिशी उलटल्यावर, आर्वोने नेमबाजी क्लबात कोणीतरी टेबलावर सुटी करून ठेवलेली, बापाच्या युद्धातल्यासारखी रायफल पाहिली. नळी, बोल्ट, दस्ता, बोटभर स्प्रिंग. एवढंच? तो बराच वेळ तिथे उभा राहिला. महिन्याभराने सैन्याच्या जुन्या साठ्यातली एक रायफल त्याच्या तळघरात आली. तिच्यावर साठ वर्षांचं मेणचट ग्रीस थापलेलं होतं, आणि दस्त्यावर कोणा अनोळखी शिपायाने दोन अक्षरं कोरलेली होती.

तेव्हापासून ते वेड लागलं. दस्त्याला पडलेले पोचे तो ओल्या फडक्यावरून लॉरेटची इस्त्री फिरवून वर काढायचा. वाफेने लाकूड फुगतं आणि पोचा भरून येतो. लॉरेट म्हणजे त्याची बायको. तिने शेवटी स्वतःसाठी दुसरी इस्त्री आणली आणि तिच्यावर लाल रंगाने लिहिलं, 'माणसांच्या कपड्यांसाठी'. मग अळशीचं तेल तळहाताने चोळायचं, दिवसाआड, तीन तीन आठवडे. शिपायांनी कोरलेली अक्षरं मात्र तो कधी घासून काढत नसे. रायफलीइतकाच तिच्या सामानाचाही त्याला सोस होता: खांद्याचे पट्टे, संगिनी, तेलाच्या पितळी डब्या, काडतुसांचे कापडी बटवे. कुठल्या पट्ट्याला कुठल्या सालची कडी हे त्याला तोंडपाठ होतं. आणि कुठलीही रायफल हातात घेतली की गोळीचं घर रिकामं आहे ना, हे तो तीनदा बघायचा. एकदा डोळ्यांनी, एकदा करंगळीने, आणि एकदा पुन्हा डोळ्यांनी. "बोटावर विश्वास नाही का तुझा?" हर्शल विचारायचा. "बोटावर आहे," आर्वो म्हणायचा, "माझ्यावर नाही."

त्या एप्रिलमध्ये शेजारच्या वस्तीतला एक म्हातारा वारला आणि त्याच्या भाच्याने शेडमधलं सामान विकायला काढलं. आर्वो आणि हर्शल दोघे गेले. हर्शल म्हणजे आर्वोचा शाळेपासूनचा मित्र. जन्मभर जंगलात यांत्रिक करवत चालवून त्याचे कान गेले होते. बायको वारल्यापासून तो नऊ मैलांवर एकटाच राहायचा. शेडमध्ये एका लाकडी पेटीत पट्टे, दोन संगिनी, तेलाच्या डब्या आणि तळाशी दोन रायफल ग्रेनेड होते. नळीच्या टोकाला बसवून डागायचे, शेपटीला पंख असलेले, वांग्याएवढे. दोन्ही काळ्या रंगाचे.

"हे काय?" आर्वोने हात मागे घेत विचारलं.

"सरावाचे आहेत. पोकळ," भाचा म्हणाला. "मामा वर्तमानपत्र उडू नये म्हणून ठेवायचा त्यावर."

"नक्की पोकळ?"

"अहो, मी लहानपणी हेच घेऊन खेळलोय."

आर्वोने तीनदा विचारलं. घरी येऊन जुनी लष्करी पुस्तिका काढली. त्यात सरावाचे ग्रेनेड काळे असतात असंच छापलेलं होतं. तेव्हा त्याचं समाधान झालं. हर्शलला त्यातला एक फार आवडला, आणि आर्वोने तो त्याला देऊन टाकला. नातीच्या लग्नात त्याचा टेबलावरचा दिवा करून द्यायचा, मधून भोक पाडून वायर घालायची, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं.

"लग्नात बॉम्ब देतोस?" घरी ते ऐकून लॉरेट म्हणाली.

"नवऱ्याने नीट वागावं म्हणून," हर्शल म्हणाला.

ही रविवारची गोष्ट. मंगळवारी सकाळी हर्शल कॉफीला आला आणि जाताना आर्वोचं लांब ड्रिल बिट मागून घेऊन गेला. त्याच्याकडचं आखूड पडत होतं. आर्वोने ते पुसून, तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून दिलं.

तो गेल्यावर आर्वो तळघरात उतरला. आपल्या वाट्याचा ग्रेनेड चामड्यात धरून त्याने बाकावरच्या व्हाईसमध्ये, त्या लोखंडी पकडीत, हलकेच बसवला आणि पितळी ब्रशने वरचा पोपडे आलेला रंग काढायला घेतला. वर लॉरेट पेस्टीच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या कानवल्याच्या, सारणासाठी सलगम चिरत होती; सुरीचा टकटक आवाज खाली येत होता. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. रंग कसा भसाभस निघत होता, याचंच त्याला नवल वाटलं. कारखान्यातला रंग असा निघत नाही. हा कोणीतरी घरी बसून, साध्या ब्रशने दिलेला होता.

मग काळ्याखालून हिरवा रंग दिसला. हिरव्यावर बोटभर रुंद पिवळा पट्टा. पट्ट्याच्या कडेला अर्धवट पुसलेली अक्षरं.

आर्वोचा हात थांबला. पुस्तिका फळीवरच होती, पण तिच्याकडे बघायची त्याला गरज नव्हती. डाव्या पानावर सरावाचे आणि उजव्या पानावर खरे, हे त्याला पाठ होतं. आतापर्यंत आपण याला किती वेळा ब्रश मारला ते तो मोजायला लागला, आणि मोजता मोजता त्याच्या लक्षात आलं की आपण श्वास घ्यायचं विसरलो आहोत. ब्रश खाली ठेवावा तर बाकाला हादरा बसेल असं वाटलं. हातातच धरून ठेवावा तर निसटून पडेल अशी भीती. शेवटी त्याने ब्रश शर्टाच्या खिशात घातला, बूट तिथेच काढले, आणि मोज्यांवर, एकेक पायरी पायाने चाचपत तो वर आला. त्या जिन्याला तेरा पायऱ्या होत्या. सातवी करकरते हे त्याला इतकी वर्षं माहीत होतं, तरी त्याच पायरीवर पाय पडला आणि तो तिथेच डोळे मिटून उभा राहिला.

काही झालं नाही.

"कोट घाल," तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला.

"आत्ता? पीठ मळलेलं आहे, ओव्हन तापलाय."

"लॉरेट. कोट घाल. बाहेर चल."

तिने मान वर करून बघितलं. चाळीस वर्षांत तिने त्याला हजारदा घाबरलेलं पाहिलं होतं. प्रत्येक घाबरण्याचा चेहरा तिला ओळखू यायचा. हा चेहरा नवा होता. तिने ओव्हन बंद केला, सुरी ठेवली, आणि पिठाच्या हातांनीच बाहेर पडली.

रस्त्याच्या पलीकडे, टपालपेटीपाशी उभं राहून आर्वोने पोलिसांना फोन लावला. फोनवरची बाई शांत होती. त्याने वस्तू हलवली का, आवाज येतो का, घरात आणखी कोणी आहे का, एकेक विचारत गेली. बॉम्ब निकामी करणारं पथक यायला साडेतीन तास लागतील, म्हणाली. शेरिफचा माणूस त्याआधी येईल, पण तोही कड्याच्या पलीकडे एका अपघातापाशी आहे.

"तशी एकच वस्तू आहे ना?" तिने विचारलं.

आर्वो "हो" म्हणायला गेला, आणि लॉरेटने पिठाळलेल्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"आर्वो," ती म्हणाली, "हर्शल."

तो टपालपेटीचा खांब धरून खालीच बसला. एवढा वेळ त्याला एकाच ग्रेनेडची भीती वाटत होती. दुसरा त्याने स्वतः मित्राच्या हातात दिला होता, पोकळ आहे म्हणून सांगितलं होतं, आणि वर भोक पाडायला स्वतःचं बिट पुसून दिलं होतं.

त्याने हर्शलला फोन लावला; तो नुसता वाजत राहिला. वीसदा, तीसदा. यंत्रापाशी बसला की हर्शल कानातली यंत्रं काढून खिडकीत ठेवायचा. घरघर सहन होत नाही म्हणायचा. नऊ मैलांत त्याला शेजारी म्हणावं असं कोणी नव्हतं. आर्वोने पुन्हा पोलीसबाईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, मी त्या माणसाला तिकडे वळवते, चाळीस मिनिटं धरा. तुम्ही जाऊ नका.

"चाळीस मिनिटांत तो तीन भोकं पाडेल," लॉरेट म्हणाली. मग आर्वोकडे बघून: "तू जाणार?"

"गाडीची किल्ली आत आहे," आर्वो म्हणाला.

किल्ली स्वयंपाकघरातल्या खुंटीवर होती, आणि ती खुंटी बरोब्बर तळघरातल्या बाकाच्या डोक्यावर. "मी आणते," लॉरेट म्हणाली, पण तिला हाताने मागे सारून तोच गेला. ते दहा-बारा हात लांबीचं स्वयंपाकघर त्याने भिंतीला पाठ लावून, मोज्यांवर सरकत पार केलं. फरशीखालून काहीतरी ऐकू येतंय असं त्याला सारखं वाटत होतं. येत होता तो फ्रिजचा आवाज. किल्ली काढताना खुळखुळू नये म्हणून ती त्याने मुठीत इतकी दाबून धरली की तळव्याला तिचे दात उमटले. दारातले रबरी बूट उचलून, हातात धरूनच तो बाहेर धावला.

हिवाळ्याने तो रस्ता दरवर्षी उखडतो. एप्रिलमध्ये तिथे ताशी पंचवीस मैलांच्या वर कोणी गाडी नेत नाही. आर्वोने साठने नेली. जन्मात पहिल्यांदा. एकेका खड्ड्यात गाडी आदळली की त्याला वाटायचं, आता लांबून आवाज येईल. त्याने काच खाली केली, ऐकू यावं म्हणून. मग वर केली, ऐकू नये म्हणून. तोंडाने तो काहीतरी पुटपुटत होता. प्रार्थना करतोय असं त्याला वाटत होतं, पण पुढे तो सांगायचा की तो फक्त "थांब रे, थांब रे" म्हणत होता.

हर्शलचं गॅरेज उभं होतं. दारात त्याची गाडी, चिमणीतून धूर, आणि आतून ड्रिलची घरघर.

आर्वो खिडकीपाशी गेला. काच तेलकट होती. आत हर्शलची पाठ दिसली, लाल चौकड्यांचा शर्ट, वाकलेली मान. ड्रिलचं यंत्र त्याच्या समोर, आणि व्हाईसमध्ये ते काळं. हर्शल दांडा खाली दाबत होता, थांबत होता, फुंकर मारत होता, पुन्हा दाबत होता. कानातली यंत्रं खिडकीच्या कठड्यावर, आर्वोच्या नाकासमोर पडलेली.

ओरडून त्याला ऐकू येणार नाही. काच वाजवली तरी नाही. आत जाऊन खांद्याला हात लावला तर तो दचकेल, आणि तो दचकला की दांड्यावरचा हात खाली जाईल. आर्वोला हे सगळं एका क्षणात कळलं, आणि त्यापुढे काहीच सुचेना. पळून जावंसं वाटलं. गाडीकडे दोन पावलं तो गेलाही. हे त्याने नंतर कोणाला सांगितलं नाही, फक्त लॉरेटला.

ती दोन पावलं गेल्यामुळेच त्याला खांब दिसला. गॅरेजच्या कोपऱ्याला विजेच्या मीटरचा खांब, आणि त्यावर मुख्य खटक्याची करडी पेटी. गिरणीत एकतीस वर्षं त्याने दुसरं काय केलं होतं? अंगावर येणारं यंत्र आधी बंद करायचं. त्याने पेटी उघडली आणि खटका खाली ओढला.

घरघर उतरत गेली, बारीक झाली, थांबली. दिवाही गेला.

आतून हर्शलच्या शिव्या ऐकू आल्या. त्या वीज कंपनीला होत्या, सरकारला होत्या आणि एक हवामानालाही. मग दार उघडलं आणि तो डोळे चोळत बाहेर आला.

"आर्वो? तुझ्याकडे पण गेलीय का लाइट?"

आर्वोने हर्शलच्या शर्टाची कॉलर धरली आणि त्याला ओढत रस्त्याकडे नेलं. हर्शल त्याच्याहून हातभर उंच आणि दुप्पट जाड, पण ओढला गेला.

"अरे, काय करतोस? सोड की! लॉरेटला काही झालं का?"

गाडी त्याने पाव मैल मागे नेऊन उभी केली, औषधाच्या दुकानाची पावती काढली आणि तिच्या मागे लिहिलं: 'खरा आहे. भरलेला. दोन्ही.' अक्षर असं होतं की हर्शलला दोनदा वाचावं लागलं. आधी तो हसला. मग आर्वोच्या खिशातून डोकावणारा ब्रश त्याला दिसला. त्याच्या तारांत काळे, हिरवे आणि पिवळे कण अडकले होते. त्याचं हसू मावळलं.

मग हर्शल नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "तुझं बिट बोथट आहे. पंधरा मिनिटं झाली, नुसतं घसरतंय. मसुराएवढा खड्डा पडलाय फक्त. तुला फोन करून शिव्याच घालणार होतो."

आर्वोने दार उघडलं आणि रस्त्याच्या कडेला उलटी केली. हर्शलने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पथक दुपारी आलं. त्यांची प्रमुख सार्जंट पेलेग्रिनी नावाची ठेंगणी बाई होती. आर्वोला तिने फक्त कामाचे प्रश्न विचारले, रागावली नाही, आणि त्यामुळेच त्याला जास्त लाज वाटली. आजूबाजूच्या लोकांना चर्चच्या दालनात नेऊन बसवलं होतं. लॉरेट तिथे पिठाच्या हातांनीच बसली होती. हात धुवायचं तिला सुचलं नव्हतं. संध्याकाळच्या आत दोन्ही ग्रेनेड वाळूच्या पेटीत घालून गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत नेले आणि एकामागून एक उडवले. पहिला आवाज फटाक्यापेक्षा थोडा मोठा. दुसऱ्याने चर्चच्या काचा थरथरल्या आणि कोणाचं तरी बाळ रडायला लागलं.

सार्जंट परत आली, टोपी काढली. "एक रिकामा होता. रंग खऱ्याचा, पण आतली दारू कोणीतरी आधीच काढून घेतली होती. दुसरा भरलेला होता."

"कुठला?" हर्शलने विचारलं. यंत्रं आता कानात होती.

"ते कळून काय करणार तुम्ही?"

"नातीचं लग्न आहे, बाई. मला कळायला हवं."

"गॅरेजमधला," ती म्हणाली.

हर्शलने मान हलवली, खिशात हात घातले, आणि पुढचा तासभर तो सहसा कधी बसत नाही अशा ठिकाणी, चर्चच्या पहिल्या बाकावर, जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्या भाच्याची शेड पुन्हा तपासली. आणखी काही मिळालं नाही. भाच्याने आर्वोला फोन करून माफी मागितली, आणि मग स्वतःच रडायला लागला. लहानपणी आपल्या हातात कुठला होता, हे त्याला आठवत नव्हतं.

आर्वो पाच आठवडे तळघरात उतरला नाही. मुरंब्याच्या बरण्या लॉरेट आणायची. त्याला तेलाच्या डबीचीही भीती वाटायला लागली, बटव्याच्या बटणाचीही. तेलावाचून तळहात कोरडे पडले. क्लबातल्यांनी त्याचा सत्कार करायचं ठरवलं, तर तो गेलाच नाही. "तू हर्शलला वाचवलंस," लोक म्हणायचे. "दिला पण मीच," तो म्हणायचा. हर्शलनेही त्याची चेष्टा बंद केली होती, आणि ते आर्वोला सगळ्यांत जड जात होतं. शेवटी एका रविवारी हर्शल आला, कॉफी ओतून घेतली आणि म्हणाला, "मग काय, धार लावलीस का त्या बिटाला? का मीच लावू?" तेव्हा लॉरेट तोंडावर रुमाल धरून बाहेर गेली. ती हसतेय की रडतेय हे दोघांनाही कळलं नाही.

मे महिन्याच्या शेवटी शेरिफच्या माणसाला बोलावून आर्वोने सगळं सामान हिरवळीवर काढलं. प्रत्येक बटवा उलटा केला, प्रत्येक डबी उघडली, प्रत्येक रायफल सुटी केली. सगळं निर्धोक होतं. पट्टे आणि संगिनी त्याने गावच्या छोट्या संग्रहालयाला देऊन टाकल्या. रायफली ठेवल्या. हर्शलच्या नातीला लग्नात त्याने स्वतः घडवलेला दिवा दिला, अक्रोडाच्या लाकडाचा, आत वायरीशिवाय काही नसलेला.

आता तो पुन्हा खाली जातो. फक्त लाकडावर काम करतो, पोचे काढतो, तेल चोळतो. वर लॉरेट काहीतरी चिरत असते. खालचा आवाज मिनिटभर थांबला की तिचीही सुरी थांबते.

"आर्वो?"

"आहे गं," तो खालून म्हणतो. कधी कधी उत्तर यायला थोडा वेळ लागतो, आणि तोपर्यंत ती जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी असते.